पाणी दिलं तरी खटका मऊच: छोट्या यंत्रभागांसाठी पोलाद निवडताना

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या शिगमो चित्ररथात मारुतीच्या हातावरचा पर्वत वर-खाली होतो. तो उचलणाऱ्या ड्रमला चोवीस दात्यांचं रॅचेट चाक (एकाच दिशेने फिरू देणारं) आहे आणि त्या दात्यांत अडकणारा अंगठ्याएवढा खटका, म्हणजे पॉल. सगळा भार त्या खटक्याच्या टोकावर येतो. लागोपाठ तीन वर्षं एकच दुखणं. पहिल्या मिरवणुकीत खटका दाता घट्ट धरायचा. दुसऱ्या शहरात रथ पोचेपर्यंत टोकाची कड गोलावलेली असायची. तिसऱ्या-चौथ्या रात्री खटका दात्यावरून घसरायचा आणि पर्वत हिसका देऊन वीतभर खाली यायचा. रथाभोवती पोरं नाचत असतात, त्यामुळे या गोष्टीत ‘यंदा चालवून घेऊ’ म्हणण्याची सोय नव्हती.

गोव्यात घरी छोटं लेथ किंवा नुसतं व्हाइस आणि ग्राइंडर ठेवून काम करणारे आपल्यासारखे बरेच जण आहेत. कुणी चवथीच्या देखाव्याची चलचित्रं करतो, कुणी नारळ सोलण्याचं यंत्र, कुणी होडीच्या इंजिनाचे सुटे भाग. जवळजवळ प्रत्येकाकडून एकच तक्रार ऐकली आहे: ‘लालभडक केलं, पाण्यात बुडवलं, तरी झिजतंच.’ मी काय केलं, कुठे चुकलो आणि आता भाग बनवण्याआधी काय बघतो, ते सगळं इथे सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षीचा खटका मी हार्डवेअरच्या दुकानातल्या चपट्या पट्टीतून कापला होता. झिजला तेव्हा वाटलं, ताव कमी पडला असेल. पुढचा जास्त तापवला, पार नारिंगी होईपर्यंत. तरी मऊ. मग वाटलं, पाणी पुरेसं गार नव्हतं. बर्फ घातला. मग मीठ घातलं. मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा खरंच जलद गार करतं, कारण तापलेल्या लोखंडाभोवती वाफेचं जे कवच तयार होतं ते मीठ फोडून टाकतं. पण खटका होता तसाच राहिला. कानस लावली की लोण्यात सुरी जावी तशी जायची. भट्टी, पाणी, मीठ हे सगळं मी बदलत गेलो आणि ज्याच्यात दोष होता ती पट्टी मात्र तीच ठेवली.

बार्जदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले आमचे एक शेजारी आहेत, तात्या. त्यांनी खटका हातात घेतला, ग्राइंडरला क्षणभर टेकवला आणि म्हणाले, “अरे, ह्याच्या पोटात कोळसाच नाही. पाणी धरणार कशाच्या जोरावर?”

त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याचा अर्थ असा. पोलाद साधारण ७३० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आतला कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश गार झालं तर कार्बन पुन्हा बाहेर पडून आपल्या जागी जातो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि हा ताण म्हणजेच कडकपणा. आता अडकायला कार्बनच नसेल तर कितीही झटकन गार करा, काय होणार? दुकानात सरसकट मिळणारं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद), ग्रीलचं, गेटचं, अँगलचं लोखंड, यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. कानशीचे दात न चालण्याइतका कडकपणा त्यातून येत नाही. त्यासाठी ०.६ टक्क्यांच्या पुढे कार्बन हवा. ०.४ टक्के असेल तर मधली, मध्यम कडक स्थिती मिळते.

दोष भट्टीला देण्याआधी म्हणूनच पोलादाची चौकशी करा.

आधी हे बघा, दोष खरंच कडकपणाचा आहे का

पोलादाकडे वळण्याआधी एक तपासणी करावीच लागते, आणि ती मी दोन वर्षं केली नव्हती. समईच्या ज्योतीवर पत्रा धरून काजळी जमवली, ती तेलात कालवून खटक्याच्या टोकाला लावली आणि चाक हाताने फिरवलं. दात्यावर काजळ फक्त वरच्या कडेला उमटलं. म्हणजे खटका दात्याच्या पूर्ण तोंडावर बसतच नव्हता. पूर्ण पर्वताचं वजन एका रेषेवर येत होतं. अशा टोकाला कितीही चांगलं पोलाद दिलं तरी ते मऊ असेल तर दबेल आणि कडक असेल तर तुटेल. मी खटक्याचं भोक दोन मिलिमीटर सरकवून टोकाचा कोन बदलला आणि काजळ पाऊण दात्यावर उमटू लागलं. तुमचा भाग कॅम असो, पिन असो की चावी (चाक दांड्यावर घट्ट बसवणारी खुंटी), आधी असं काजळ लावून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत आहे.

बसणी नीट असूनही भाग झिजत असेल तर कानस घ्या. पाणी दिलेल्या भागाच्या कोपऱ्यावर चांगल्या धारेची कानस हलक्या हाताने ओढा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर भाग कडक आहे. सगळीकडे चावली तर पोलादात कार्बन कमी आहे किंवा ताव पुरला नाही. वरवर चावली आणि दोन-चार फटकाऱ्यांनंतर घसरायला लागली, तर आतलं पोलाद चांगलं आहे, फक्त वरच्या सालीतला कार्बन भट्टीत जळून गेला आहे. ही तिसरी खूण फार महत्त्वाची, कारण इथे लोक चांगलं पोलाद वाईट समजून टाकून देतात.

भंगारातलं पोलाद

दुसऱ्या वर्षी मी ट्रकच्या पाट्याकडे वळलो. खाणपट्ट्यात, डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला, ट्रकच्या तुटलेल्या स्प्रिंगपाट्यांना तोटा नाही. पाट्याचं पोलाद खरोखर चांगलं असतं: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या पुढे आणि सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम. रात्रभर राखेत गाडून सावकाश गार केलं की कापता येतं. खटका झाला, तापवला, सवयीने पाण्यात बुडवला, आणि पाण्यातूनच ‘टिण्’ असा बारीक आवाज आला. भोकाच्या कडेपासून केसाएवढी भेग.

त्या भेगेला तीन कारणं होती आणि तिन्ही टाळता आली असती. पाट्याला तेलात बुडवायला हवं होतं, मी पाणी वापरलं. भोक कडेच्या फार जवळ होतं आणि त्याचे काठ धारदार सोडले होते. तणाव अशाच कोपऱ्यात साठतो. तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं खनिज वाहून वाकत राहिलेल्या पाट्यात थकव्याच्या सूक्ष्म भेगा आधीच असू शकतात. ज्याच्याखाली माणसं उभी राहणार त्या भागासाठी मी आता जुना पाटा वापरत नाही. कोयता, छिन्नी, खुरपं यासाठी खुशाल वापरावा, आपले लोहार पिढ्यान्‌पिढ्या वापरतात.

भंगारातल्या इतर गोष्टींबद्दल थोडक्यात. जुन्या चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, पण दात पूर्ण घासून काढल्याशिवाय प्रत्येक दात म्हणजे भेगेचं आमंत्रण. शिवाय अलीकडच्या स्वस्त कानशी काही वेळा आतून साध्याच आणि फक्त वरून कडक केलेल्या असतात. बेअरिंगच्या रिंगा आणि गोळ्या उत्तम पोलादाच्या, पण घरच्या भट्टीत त्यांचा ताव साधणं अवघड. घरबांधणीची टीएमटी सळी अजिबात घेऊ नका. तिची कडक साल कारखान्यातच पाणी मारून तयार केलेली असते आणि तुम्ही तापवलीत की तीही जाते. खडीच्या क्रशरचे जबडे भंगारात मिळतात. त्यांना चुंबक चिकटत नसेल तर ते मँगनीजचं पोलाद, बारा टक्क्यांच्या घरात मँगनीज असलेलं. ते तापवून पाण्यात टाकल्यावर उलट मवाळ आणि चिवट होतं, आणि कापायला गेलात तर हत्याराखाली कडक होत जातं. आपल्या कामाचं नाही. जस्ताचा मुलामा असलेला आट्यांचा रॉड किंवा बोल्ट तर भट्टीत घालूच नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो, छाती आवळते.

आणखी एक समजूत समुद्रकाठची खास आहे. ‘इथल्या हवेत सगळं गंजतं, मग स्टेनलेसच घेऊ.’ दुकानात मिळणारं नेहमीचं ३०४ स्टेनलेस तापवून बुडवल्याने कडक होत नाही, कधीच नाही. कडक होणारी स्टेनलेसची जात, उदाहरणार्थ ४२०, वेगळी असते आणि तिला हजार अंशांच्या आसपास ताव लागतो. करवंटीच्या कोळशावर तो नेमका साधत नाही. गंज टाळायचा असेल तर कडक पोलादाला ग्रीस लावा आणि मिरवणूक संपली की तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आमचा खटका असाच पावसाळा काढतो.

ठिणग्या वाचायला शिका

अनोळखी तुकडा हाती आला की मी ग्राइंडरवर त्याच्या ठिणग्या बघतो. संध्याकाळी, मागे काळं फडकं किंवा अंधारी भिंत ठेवून. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, गवताच्या पिवळट काड्यांसारख्या आणि टोकाला क्वचित एखादा फाटा. कार्बन वाढला की रेषा आखूड होतात आणि त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. चांगल्या कानशीच्या ठिणग्या चाकाजवळच फुलून येतात, दिवाळीच असते. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलच्या ठिणग्या मंद, लालसर आणि जवळजवळ बिनफाट्याच्या.

नुसत्या आठवणीवर मात्र अंदाज बांधू नका. माझ्याकडे एका तारेत ओवलेले पाच तुकडे आहेत: खिळा, ईएन ८, ईएन ३१, कानस आणि ओएचएनएस (ईएन आणि ओएचएनएस या पोलादाच्या जाती, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे). अनोळखी तुकडा आणि त्यातला जवळचा वाटणारा तुकडा आळीपाळीने टेकवून बघतो. तरीही ठिणगीवरून कार्बन साधारण किती एवढंच कळतं, नेमकी जात कळत नाही. एकदा ‘ईएन ८’ म्हणून विकत घेतलेला ब्राइट बार ठिणगीला हुबेहूब खिळ्यासारखा निघाला. बार चकचकीत आहे म्हणजे चांगल्या जातीचा आहे असं नसतं. ब्राइट हे फक्त त्याच्या ओढून काढलेल्या गुळगुळीत पृष्ठभागाचं नाव आहे, त्यात साधं एमएसही असतं.

मग घ्यायचं कोणतं

आपल्या दुकानांत चालणारे ईएन क्रमांक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी ठरवलेले आहेत. तिकडे ते कधीच बदलले, इकडे अजून तेच चालतात. या क्रमांकांत चढता क्रम शोधू नका. आकडा मोठा म्हणजे पोलाद जास्त कडक, असं मीही धरून चाललो होतो. ईएन ३५३ मध्ये कार्बन ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. ते वरून कार्बन मुरवून मग कडक करण्याचं पोलाद आहे. नुसतं तापवून बुडवलंत तर पुन्हा तीच तक्रार घेऊन याल.

ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. चाव्या, दांडे, शाफ्ट, हलक्या कामाचे गिअर यांना ते पुरेसं. लहान जाडीचा भाग पाण्यात बुडवला तर रॉकवेल सी या कडकपणाच्या मोजमापावर पन्नाशीच्या आसपास जातो, पण जाड भागात कडकपणा आतपर्यंत उतरत नाही. ईएन ९ त्याच्यापुढचं, ०.५ ते ०.६ टक्के. साखळीची चक्रं, दाते यांना बरं. आमचं रॅचेट चाक मी ईएन ९ चं केलं आणि मुद्दाम खटक्यापेक्षा मवाळ ठेवलं. दोन्ही एकदम कडक ठेवले तर कुठला तरी एक दाता तुटतो. दोघांतला झिजणारा कोण असावा हे आपण ठरवायचं. खटका अर्ध्या दिवसात नवा होतो आणि चाकाला आठवडा लागतो, म्हणून खटकाच मवाळ ठेवावा असं वाटेल; पण खटक्याचं एकच टोक दर वेळी घासतं, चाकाची झीज चोवीस दात्यांत वाटली जाते. चाकावरच्या दाब-खुणा खटक्याआधी दिसू लागल्या असत्या, तर मी हा निर्णय फिरवला असता. दोन शिगमो झाले, तसं दिसलेलं नाही.

ईएन २४ हे निकेल-क्रोमियम-मोलिब्डेनमचं चिवट पोलाद. ते बऱ्याचदा आधीच मध्यम कडक करून विकतात आणि तसंच कापून वापरता येतं. जिथे तुटणं परवडत नाही आणि झीज बेताची आहे तिथे, म्हणजे पिना, जू, भार उचलणारे कान यांसाठी, मी तेच घेतो आणि तापवतच नाही. तुमच्याकडे भट्टीची नीट सोय नसेल तर हा मार्ग सगळ्यात सुरक्षित आहे, असं मी ठामपणे सांगेन.

ईएन ३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद. एक टक्का कार्बन, एक-दीड टक्का क्रोमियम. रोलर आणि घासणाऱ्या पिनांसाठी छान. पण त्यातला क्रोमियम कार्बनला धरून ठेवतो आणि तो पुरेसा विरघळण्यासाठी भाग ८२० ते ८६० अंशांवर काही काळ स्थिर ठेवावा लागतो. कोळशाच्या शेगडीवर हे अंदाजाने होत नाही. भट्टीला तापमापक असेल तर घ्या.

घरी कडक करायच्या छोट्या भागासाठी माझी पहिली पसंती ओएचएनएस. नावातच त्याचा गुण आहे: तेलात कडक होणारं, आकार न बिघडवणारं. कार्बन ०.९ ते १ टक्का, मँगनीज एक टक्क्याच्या आसपास, थोडं क्रोमियम, थोडं टंगस्टन. ही भर का हवी ते समजून घ्या. नुसत्या कार्बनच्या पोलादाला झटकन गार करायला पाणीच लागतं, आणि पाण्याच्या झटक्याने पातळ भाग वाकतो, कोपरे तडकतात. मँगनीज आणि क्रोमियम आतल्या बदलाचा वेग मंदावतात, मग तेलाचा सौम्य झटकाही पुरतो. शिवाय त्याचा ताव ७९० ते ८२० अंश, म्हणजे घरच्या भट्टीच्या आवाक्यातला. ते मऊ केलेल्या स्थितीत विकतात, हॅकसॉने कापता येतं, कानशीने घासता येतं, छिद्र पाडता येतं. गोल दांडा आणि घासून सपाट केलेली पट्टी, दोन्ही मिळतात.

डाय बनवणारे ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणतात, ते डी २ किंवा डी ३, बारा टक्के क्रोमियमचं. झिजेला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण त्याला हजार अंशांच्या आसपास ताव आणि काटेकोर टेंपरिंग (कडक केलेला भाग पुन्हा थोडा तापवून ठिसूळपणा कमी करणं) लागतं. ते वापरायचंच असेल तर भाग तयार करून हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या. चोर्ला घाटातून बेळगावात उद्यमबागेत गेलं की अशी कामं करणारे आहेत. बहुतेक ठिकाणी वजनावर पैसे घेतात आणि कमीत कमी रक्कम ठरलेली असते, म्हणून एकटा खटका नेण्यापेक्षा चार मित्रांचे भाग एकत्र न्या. देताना पोलादाची जात लिहून द्या. जात माहीत नसलेला भाग दिलात आणि तो तडकला, तर दोष त्यांचा नाही.

कुंडई, वेर्णा, डिचोली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास टूलरूम असतात. तिथे ओएचएनएसचे कापून उरलेले तुकडे मागितले तर मिळू शकतात. मी तसेच आणतो. एक पथ्य मात्र पाळतो: तुकडा घरी आला की त्याच क्षणी त्यावर जात कोरायची किंवा टोकाला रंग लावायचा, आणि कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापायचं. प्रत्येक दुकानाचे रंग वेगळे, म्हणून माझे रंग माझ्या वहीत लिहिलेले आहेत. सहा महिन्यांनी सगळे काळे तुकडे सारखेच दिसतात.

चाचणीचा तुकडा

खटक्यासाठी चार तास कानस मारण्याआधी त्याच दांड्यातून बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे कापा. तसेच तापवा, तसेच बुडवा, टेंपर देऊ नका. एकाला कानस लावा. दुसरा जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा. तुटलेली बाजू राखाडी आणि रेशमासारखी बारीक असेल तर ताव बरोबर. साखरेसारखी चमचम दिसली तर जास्त तापलं, कण मोठे झाले, असा भाग ठिसूळ राहणार. आणि तुकडा तुटण्याआधी वाकलाच, तर तो कडक झालेलाच नाही. या दहा मिनिटांच्या कामाने पोलाद, भट्टी आणि तेल, तिघांचीही परीक्षा एकदम होते. मी हे पहिल्या वर्षी केलं असतं तर त्याच संध्याकाळी कळलं असतं की पट्टी एमएस आहे.

ताव, तेल, टेंपर

माझी भट्टी म्हणजे विटांचा चौक, करवंटीचा कोळसा आणि खालून छोटा ब्लोअर. भाग थेट निखाऱ्यांत न ठेवता एका टोकाने बंद केलेल्या लोखंडी नळीत ठेवतो, म्हणजे वारा थेट लागत नाही आणि साल जळत नाही. त्याआधी कॅरमवर टाकायची बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून भागावर लेप देतो. तापल्यावर तिचा काचेसारखा थर बसतो आणि हवा दूर राहते. पुड्यावर बोरिक ॲसिड लिहिलेलं बघून घ्या, आणि ओला लेप सुकल्याशिवाय आगीजवळ नेऊ नका.

रंगावरून ताव ओळखायचा तर उन्हात कधीच नाही. आपल्याकडच्या दुपारच्या उजेडात लाल रंग फिका भासतो आणि माणूस तापवतच राहतो. तिन्हीसांजेला करा. तारेला बांधलेलं चुंबक जवळ ठेवा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यानंतर किंचित आणखी उजळू द्या आणि सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या भागाला त्याच रंगावर पाच-सात मिनिटं ठेवा. इथे घाई केली तर कार्बन पुरता विरघळत नाही, आणि फार रेंगाळलात तर कण वाढतात.

तेल साधं खाद्यतेल चालतं. इंजिनाचं जळकं तेल नको, त्याचा धूर विषारी असतो. लोखंडी डब्यात दोन-तीन लिटर, पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेलापेक्षा कोमट तेल पातळ असतं आणि भागाला चांगलं भिडतं. झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही. आणि आपल्या पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका: गळक्या छपराखाली उघडा राहिलेला डबा असेल तर तळाला पाणी साचलेलं असतं. तापलेला भाग तिथपर्यंत पोचला की तेल अंगावर उडतं. माझ्या हातावर त्याचा डाग आहे. वापरण्याआधी तेल दुसऱ्या भांड्यात निथळून घ्या. भाग उभा, सरळ आत घाला आणि वर-खाली हलवा. आडवा टाकलेला भाग एका बाजूने आधी गार होऊन वाकतो.

तेलातून काढलेला भाग काचेसारखा असतो, हातातून फरशीवर पडला तरी फुटू शकतो. उद्या टेंपर देऊ असं म्हणू नका. हाताला सोसेल इतका गार झाला की लगेच द्या, नाहीतर कपाटात ठेवलेला भागही रात्रीतून तडकू शकतो. मी घरचा छोटा ओव्हन वापरतो, ट्रेमध्ये वाळू पसरून त्यात भाग पुरतो, म्हणजे ओव्हनची उष्णता वर-खाली झाली तरी भागाला धक्का बसत नाही. ओएचएनएसला २०० अंशांवर तासभर ठेवलं की कडकपणा रॉकवेल सी ६० च्या आसपास राहतो, २५० वर ५७-५८. घासणाऱ्या पिनेला पहिलं, ठोका बसणाऱ्या खटक्याला दुसरं. ओव्हन नसेल तर एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून मागच्या टोकाकडून ज्योत द्या आणि रंग पुढे सरकताना बघा: फिका गवती रंग २२० ते २३० अंशांना, गडद गवती २४० ला, तपकिरी २६० ला, जांभळा २८० ला, निळा ३०० च्या जवळ. खटक्याच्या टोकाला तपकिरी लागला की थांबा. त्याची शेपटी निळी झाली तर उत्तमच, तिथे चिवटपणाच हवा.

एमएसचाच भाग वाचवायचा असेल तर

भाग आधीच एमएसचा झाला आहे, पुन्हा करायला वेळ नाही, चवथ चार दिवसांवर. मग त्याच्या सालीत कार्बन मुरवता येतो. करवंटीच्या कोळशाचा वाटाण्याएवढा चुरा, त्यात दहावा हिस्सा धुण्याचा सोडा, लोखंडी डबीत भाग मधोमध पुरून झाकण चिकणमातीने लिंपायचं आणि ९०० ते ९३० अंशांवर, म्हणजे उजळ नारिंगी लालवर, तीन-चार तास. ढोबळ हिशेब तासाला मिलिमीटरचा दहावा भाग. नंतर गार झालेला भाग पुन्हा तावावर नेऊन पाण्यात बुडवायचा आणि हलकं टेंपर. साल कडक, पोट चिवट असा भाग मिळतो. पिना, कॅम, बुश यांना हे खरोखर चांगलं, काही ठिकाणी ओएचएनएसपेक्षाही. पण नंतर ग्राइंडरवर पाव मिलिमीटरहून जास्त काढलंत तर बहुतेक कडक साल निघून जाईल, म्हणून माप आधीच अचूक ठेवा. सायनाइडच्या पावडरी कुणी देऊ केल्या तर घराजवळही आणू नका.

आमच्या रथावर आता आठ मिलिमीटर जाडीचा ओएचएनएसचा खटका आहे. भोकाचे काठ गोलावलेले, आतल्या कोपऱ्याला दीड मिलिमीटरची गोलाई, सालीचा मिलिमीटरभर थर आधीच घासून काढलेला, २५० अंशांवर टेंपर. गेला शिगमो संपल्यावर काढून काजळ लावलं तेव्हा टोकाची कड नखाला अजून धारदार लागत होती. तरी त्याच पट्टीतून, त्याच दिवशी, त्याच तेलात बुडवलेला दुसरा खटका रथाच्या अवजारपेटीत तेलाच्या फडक्यात ठेवलेला आहे, आणि ड्रमवर भार पूर्ण पेलेल असा वेगळा ब्रेक बसवला आहे. तुमच्या भागाच्या ठिणग्या कशा दिसल्या, कानस कुठे चावली आणि तुकडा तोडल्यावर आत काय दिसलं, एवढं लिहिलंत तर पोलाद कोणतं घ्यावं ते बघता येईल.